बुरुजाच्या बाई

मला खोली देताना बाईंनी एकच प्रश्न विचारला, "भिंतीत खिळा ठोकशील का?"

कन्नडजवळच्या आमच्या खेड्यातून मी नुकतीच शहरात आले होते. क्रांती चौकातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचं काम मिळालं होतं, राहायला जागा मिळत नव्हती. घरमालक आधी आडनाव विचारत. मी सांगितलं की त्यांना हटकून आठवायचं, खोली गावाकडच्या पुतण्यासाठी राखून ठेवलीय. त्यामुळे पांढरी ओढणी घट्ट लपेटलेल्या ह्या उंच, सडपातळ म्हातारीचा प्रश्न ऐकून मी जरा गोंधळलेच.

"एकच ठोकीन," मी म्हणाले. "बुद्धाचा फोटो लावायचाय."

"फोटो खिडकीत ठेव. सकाळचं ऊन थेट येतं तिथं. पण ह्या भिंतीला हात लावायचा नाही. ही भिंत नाही, बुरूज आहे."

मी नीट बघितलं. भिंत सरळ नव्हतीच. पोट पुढे काढून उभ्या राहिलेल्या माणसासारखी ती खोलीत आली होती. काळे दगड, मधे चुन्याच्या पांढुरक्या रेघा. माझी खाट तिला कधीच नीट चिकटून बसली नाही. मागे फट राहायची आणि उशी त्या फटीत पडायची. उन्हाळ्यात मात्र ती भिंत माठासारखी गार असायची. आडनाव बाईंनी पुष्कळ दिवसांनी विचारलं, तेही पोस्टमनला सांगायला हवं म्हणून.

त्यांचं माहेर सोयगावचं. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते. गावातल्या मराठी शाळेत त्या शिकल्या, आणि लग्न होऊन इथं आल्यावर उर्दू शाळेत मराठी शिकवायला लागल्या. तिथल्या बाकीच्या शिक्षिकांना मुलं आपा म्हणत. ह्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं, "मराठीच्या तासाला मला बाई म्हणायचं." तेव्हापासून त्या सगळ्यांच्या बाई झाल्या. गल्लीतल्या हिंदूंच्या, मुसलमानांच्या, दूधवाल्याच्या, मशिदीतल्या इमामसाहेबांच्यासुद्धा. उर्दूत बाई म्हटलं की नाचगाणं करणारी आठवते, म्हणून त्यांच्या मुलाला ते मुळीच आवडायचं नाही. "अम्मी, लोगां सुनेंगे तो क्या समझेंगे?" असं तो पुण्याहून फोनवर म्हणायचा. बाई म्हणायच्या, "समझेंगे के मराठी पढ़ाती थी."

आमच्या शहराचे दरवाजे सगळ्यांना माहीत असतात. दिल्ली गेट, पैठण गेट, मकई गेट, रोशन गेट. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो नेऊन सोडतो. पण दोन दरवाजांच्या मधे तट होता आणि तटाला बुरूज होते, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. आमचा बुरूज खाम नदीच्या बाजूच्या जुन्या वस्तीत होता. दोन्हीकडचा तट कधीच नाहीसा झालेला. एकटा बुरूज तेवढा उरलेला. डाव्या अंगाला त्याला घासून जाणारी अरुंद गल्ली, उजव्या अंगाला आणि पुढून त्याला मिठी मारून बसलेलं बाईंचं घर. बाईंच्या सासऱ्यांनी ते बांधलं, बुरुजालाच भिंत समजून. त्यामुळे गल्लीतून बुरुजाची फक्त एक कड दिसायची. बाकीचा सगळा आमच्या घराच्या पोटात.

रोज सकाळी नमाज आणि चहा झाला की बाई विळा आणि टॉर्च घेऊन निघायच्या. दिवसाउजेडी टॉर्च कशाला, तर बुरुजातल्या जंग्यांमध्ये बघायला. जंग्या म्हणजे बंदुकीची नळी बाहेर काढायची भोकं. त्यात कबुतरं घाण करून ठेवायची आणि त्या घाणीत पिंपळ रुजायचा. बाई तो मुळासकट उपटायच्या. पिंपळ उपटते म्हणून एकदा गल्लीतल्या एक आजी त्यांच्यावर फार चिडल्या होत्या. बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या उपटलेलं प्रत्येक रोप तेलाच्या रिकाम्या डब्यात लावायला लागल्या. पहिला डबा त्याच आजींच्या दारात नेऊन ठेवला. मग मारुतीच्या मंदिरात एक गेला, दर्ग्याच्या अंगणात एक. आमच्या गावच्या विहारासमोर आज जो पिंपळ आहे, तो मी एस.टी.त मांडीवर घेऊन नेलेला, ह्याच बुरुजातून निघालेला आहे. कंडक्टरने त्याचंसुद्धा तिकीट काढायला लावलं होतं.

बाईंचा खरा विक्षिप्तपणा बोलण्यात होता. बुरुजाबद्दल काहीही सांगताना त्या वाक्याच्या शेवटी जोर देऊन थांबायच्या. "मुघलांच्या काळात हा तट उभा राहिला. हे आहे." मग जरा थांबून, "तटावरून घोडा धावायचा. हे म्हणतात." आहे आणि म्हणतात ह्यांची सरमिसळ त्यांना सहन व्हायची नाही. एका रविवारी परगावच्या लोकांना घेऊन एक गाइड आला आणि ऐन गल्लीत उभं राहून सांगायला लागला, की इथं एका बेगमला भिंतीत चिणलं होतं. बाई खिडकीत तांदूळ निवडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "कुठल्या दगडामागं?"

गाइड हसला. "मॅडम, असं म्हणतात."

"मग म्हणतात म्हणून सांग ना. ते लोक घरी जाऊन आहे म्हणून सांगतील."

पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, मग खरं काय आहे? बाई ताट खाली ठेवून बाहेर आल्या. त्या लोकांना त्यांनी बुरूज दाखवलाच नाही. गल्लीत फिरवलं. एका घराची पायरी दाखवली, एकाच्या न्हाणीतला धुण्याचा दगड दाखवला, एका दुकानाचा ओटा दाखवला. सगळीकडे तेच ताशीव काळे चिरे. "गरज संपली तेव्हा तट पाडला आणि लोकांनी दगड घरी नेले," त्या म्हणाल्या. "तट कुठं गेला नाही. आपण त्याच्यावर कपडे धुतो. माझ्या सासऱ्यांनीसुद्धा नेले. हे आहे." बेगमच्या गोष्टीपेक्षा हे त्या लोकांना आवडलं की नाही, सांगता येत नाही. गाइड मात्र पुन्हा आमच्या गल्लीत फिरकला नाही.

धनाचं प्रकरण असंच. जुन्या वास्तूत धन असतंच, आणि दौलताबादपर्यंत भुयारही असतंच, अशी आमच्याकडे लोकांची खात्री असते. एका दुपारी चार-पाच तगडे तरुण कुदळी-फावडी घेऊन आले. त्यांच्याबरोबर कपाळाला भस्म लावलेला एक माणूस. मी घरी होते. घाबरून म्हणाले, "बाई, पोलिसांना फोन करू?"

"थांब जरा," म्हणून त्या बाहेर गेल्या. भस्मवाल्याने डोळे मिटून सांगितलं, की जिन्याच्या तळाशी काहीतरी आहे. बुरुजाला आतून जिना होता, पण गल्लीने वर्षानुवर्षं टाकलेल्या कचऱ्याने आणि राडारोड्याने तो अर्धा गाडला गेला होता.

"ढिगाखाली काय आहे ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं. "तुम्ही ढीग उपसा. दगडाला कुदळ लागली तर मात्र मी ओरडेन. माझा आवाज लई मोठा आहे. शाळेत होते मी."

पोरं दिवस मावळेपर्यंत उपसत राहिली. बाईंनी दोनदा चहा पाठवला. बघायला सगळी गल्ली जमली आणि कधी नव्हे ती हातगाडी लावून कचरा नाक्यावर नेऊन टाकायला लागली. शेवटी जिन्याच्या खालच्या पायऱ्या मोकळ्या झाल्या. त्यांच्या तळाशी छोटी फरसबंद जागा निघाली, पहारेकऱ्याने अंग टाकावं एवढी. कोनाड्यात मातीची फुटकी पणती. बाकी काही नाही. भस्मवाला कधी सटकला ते कुणाला कळलं नाही. पोरं घामाने निथळत बसली होती. बाई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही केलं ते फार मोठं काम आहे," आणि त्यांच्या बोलण्यात थट्टेचा लवलेश नव्हता. त्यातला एकजण पुढे ईदला आणि दिवाळीला त्यांना भेटायला यायचा.

हे सगळं असं हसत-खेळत चाललं असताना रस्त्याचं आलं.

गल्ली रुंद करायची होती, आणि ती करायलाच हवी होती. बुरुजाच्या कोपऱ्यावर ती इतकी चिंचोळी व्हायची, की समोरून रिक्षा आली तर दुचाकीवाल्याला मागे सरकावं लागे. डाव्या हाताला ओळीने पक्की घरं, त्यात कितीतरी कुटुंबं. महापालिकेच्या इंजिनिअरसाहेबांचा आराखडा साधा होता. बुरूज पाडायचा आणि रस्ता सरळ त्याच्या जागेवरून न्यायचा. कुणाचं घर जात नव्हतं. उलट बाईंचं घर ऐन रस्त्यावर येणार होतं. शेजारचे पंक्चरवाले काका तर त्यांचं अभिनंदन करायला आले. "बाई, पुढं दोन गाळे काढा. बसल्या जागी पोट भरंल. नशीब लागतं बघा अशाला."

बाईंनी त्यांना चहा दिला. स्वतः घेतला नाही.

सूचना सांगायला गल्लीतच मंडप घालून सभा ठेवली होती. सगळ्यांना माहीत होतं, बाई भांडणार. मागच्या खुर्च्यांवर लोक तयारीने बसले होते. सुरुवातीलाच एक गृहस्थ उठून म्हणाले, "हा बुरूज बादशहाचा. तो राहिला काय न् गेला काय, आमाला काय करायचंय? ज्यांचा बादशहा त्यांनी रडावं." आणि त्यांनी बाईंकडे बघितलं.

बाई उठल्या. "बादशहा माझा कुणी लागत नाही," त्या म्हणाल्या. "माझे वडील सोयगावला मुकादम होते. आमच्या घरी बादशहा कधी आल्याचं मला आठवत नाही. दगड त्यानं उचलले नाहीत. खाणीतून काढले ते इथल्याच लोकांनी, चुना मळला तोही इथल्याच लोकांनी. त्यांत तुमचे कोण, माझे कोण, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा."

ते गृहस्थ बसले. मग बाई इंजिनिअरसाहेबांकडे वळल्या. "रस्ता पाहिजे," त्या म्हणाल्या.

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"माझ्या मालकांच्या छातीत कळ आली तेव्हा अँब्युलन्स ह्याच कोपऱ्यावर अडकली. ह्या गल्लीतल्या लोकांनी त्यांना खाटेवरून उचलून नेलं. गाडीपर्यंत पोचले, दवाखान्यापर्यंत नाही पोचले. म्हणून रस्ता पाहिजेच. मला फक्त थोडा वेळ द्या. दुसरीकडून जातो का ते बघू द्या."

एवढी वर्षं त्यांच्या घरात राहून हे मला माहीत नव्हतं. रोज सकाळी ज्या कोपऱ्यावरून त्या विळा आणि टॉर्च घेऊन वळायच्या, तोच हा कोपरा होता.

त्याच रविवारी बाईंनी मला टेप घ्यायला सांगितली. "तुझं शिक्षण आज आपल्या गल्लीच्या कामाला लाव." आम्ही दोघींनी सगळं मोजलं. त्या टेपचं एक टोक धरून उभ्या राहायच्या, मी आकडा वाचायचे. संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर नकाशा काढला आणि काढता काढताच मला दिसलं. डावीकडची घरं वाचवायची आणि बुरूजही वाचवायचा, तर रस्ता उजवीकडून वळवायला हवा. उजवीकडे म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातून, माझ्या खोलीतून, बाईंच्या पलंगावरून. मी पेन्सिल खाली ठेवली. खोडरबर उचललं, उगाच कुठली तरी रेघ खोडली, पुन्हा काढली.

"झालं का?" बाई समोर बसून शेंगा सोलत होत्या.

"अजून बघते, बाई. जरा अवघड आहे."

"अवघड काही नाही. घरातून जातो ना?"

मी मान खाली घातली.

"मला सभेच्या दिवशीच दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "पण मी मराठीची मास्तरीण. म्हटलं, आपलं मोजमाप चुकलं असेल. तू मोजलंस म्हणजे आता पक्कं." आणि सोललेल्या शेंगांची ताटली त्यांनी माझ्याकडे सरकवली.

मुलगा पुण्याहून धावत आला. तो वाईट नव्हता. आईची काळजी त्याला होती आणि लहानपण ह्याच घरात गेलेलं. "अम्मी, पत्थर के वास्ते घर देतेत क्या कोई?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "गिरने दो ना बुरुज को. किसको पड़ी है?"

"पत्थर के वास्ते नई," बाई म्हणाल्या. "रस्ता तो होनाच है. दो में से एक जाएगा. घर मेरा है, मैं दे सकती हूँ. बुरुज मेरा नई है. वो मैं कैसे दूँ?"

त्याने टेबलावरचा नकाशा ओढून घेतला. मग त्याने मला विचारलं, "नकाशा बरोबर आहे ना ताई? पक्कं?" मी हो म्हणाले. त्याने डोळे पुसले आणि आईला म्हणाला, "सामान मैं बाँधूँगा. तुम ऊपर चढ़ो मत."

सरकारी काम लगेच झालं नाही. घर वाचवून बुरूज पाडायचा कागद तयार असताना, बुरूज वाचवून घर पाडा म्हणणारा अर्ज त्या कचेरीत बहुधा पहिलाच. तो ह्या टेबलावरून त्या टेबलावर हिंडायला लागला. बाई त्याच्यामागून हिंडायला लागल्या. पोळीचा डबा घेऊन जायच्या आणि बाकावर बसायच्या. साहेब नाहीत म्हटलं तर थांबायच्या, उद्या या म्हटलं तर उद्या यायच्या. कधी आवाज चढवला नाही. प्रत्येक टेबलावर मात्र एकेक पिंपळाचा डबा ठेवून आल्या. "पाणी घाला हं, येईन बघायला," असं बजावून. आणि खरंच बघायला जायच्या. इंजिनिअरसाहेब एकदा मला म्हणाले, "तुमच्या बाईंना कंटाळा म्हणून येत नाही का हो?" मी म्हटलं, "त्या उर्दू शाळेत मराठीचं व्याकरण शिकवायच्या, साहेब." ते हसले. पण नवा आराखडा वर नेऊन मंजूर करून आणला तो त्यांनीच.

घर पाडायच्या दिवशी सकाळी बाईंनी सगळ्या खोल्या झाडून घेतल्या. मी म्हटलं, "बाई, आता कशाला?" त्या म्हणाल्या, "घाण घर कशाला द्यायचं कुणाला?" मग खुर्ची घेऊन समोरच्या ओट्यावर बसल्या. मुलगा शेजारी उभा होता. बाईंचं सामान पुण्याला आणि माझं एका मैत्रिणीकडे गेलं होतं. पंक्चरवाल्या काकांनी दुकान बंद ठेवलं होतं. गल्लीतली माणसं दारादारात उभी होती.

जेसीबी आला. पहिल्यांदा छप्पर गेलं, मग पुढची भिंत. स्वयंपाकघर उघडं पडलं तेव्हा मुलाने तोंड फिरवलं. बाईंनी नाही फिरवलं. फक्त एकदाच त्या ताडकन उठल्या, जोत्याचे दगड ट्रॅक्टरमध्ये भरायला लागले तेव्हा. खालचे सगळे तेच ताशीव काळे चिरे होते. बाई सरळ ट्रॅक्टरपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"हे कुठं नेता?"

"राडारोडा हाय मावशी. नाल्यात टाकायचा."

"राडारोडा नाही. माझ्या सासऱ्यांनी बुरुजाचे घेतलेले दगड आहेत. वरचा कोपरा ढासळलाय तिथं परत लागतील. इथंच रचा."

ठेकेदाराचा माणूस कुरकुरला. इंजिनिअरसाहेबांनी लांबूनच हात वर केला, रचा म्हणून. मग गल्लीतले लोक पुढे आले. सभेत बादशहाचं बोलणारे ते गृहस्थही आले. त्यांनी एक चिरा उचलला आणि जिन्यापाशी नेऊन ठेवला. तासाभरात बुरुजाच्या पायथ्याशी दगडांची नीट रास उभी राहिली.

धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. धूळ निवळली तशी मी वर बघितलं आणि बघतच राहिले. आमच्या घराने झाकलेला बुरूज पहिल्यांदाच अख्खा उघड्यावर आला होता. रुंद, गोल, खालून वर किंचित निमुळता होत गेलेला. माथ्यावर जंग्यांची रांग. त्या रांगेला वळसा घालून दगडातच कोरलेली पाकळ्यांची एक पट्टी होती, आणि गल्लीकडच्या कडेला ती झिजून गेल्यामुळे ती असल्याचं आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. दुपारचं ऊन तिच्यावर तिरपं पडलं होतं.

बाई हळूहळू चालत उघड्या पडलेल्या जागेच्या पार पलीकडे गेल्या आणि मान मागे टाकून उभ्या राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या ह्या बुरुजाशेजारी राहिल्या होत्या, आणि लांबून त्यांनी त्याला कधी बघितलंच नव्हतं. लांब व्हायला जागाच नव्हती.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "हा तर लई देखणा आहे."

मुलगा म्हणाला, "अम्मी, चलो. रिक्षा खड़ी है."

"ठहरने दे उसको," बाई म्हणाल्या, आणि खुर्ची तिथंच, जिथून उद्या रस्ता जाणार होता त्या मोकळ्या जागेत आणायला लावून, बुरुजाकडे तोंड करून बसल्या.